दोरीच्या दुसऱ्या टोकाला

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे नाताळच्या सुट्टीत पाण्याला उसंत नसते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. संगमाजवळच्या ज्या वाळूच्या दांड्याला सगळे ‘त्सुनामी बेट’ म्हणतात, त्याच्या आसपास डॉल्फिन दाखवून परतणाऱ्या होड्या, स्कूबाच्या होड्या, जेट स्की आणि फुगे ओढणाऱ्या बोटी अशी सगळी गर्दी एकाच पाण्यात असते. त्याच पाण्यात गुडघाभर, कमरेभर, छातीभर उतरलेली माणसंही असतात.

यातली सगळ्यात लोकप्रिय राइड बनानाची. लांबट पिवळ्या फुग्यावर पाच जणांना एकामागे एक बसवतात, जॅकेटचे पट्टे आवळतात आणि बोट निघते. दोर ताणला की फुगा उचलला जातो, किंकाळ्या सुरू होतात. शेवटच्या वळणावर बोटवाला झटक्यात सुकाणू फिरवतो आणि फुगा उलटतो. उलटवणं हा राइडचाच भाग असतो. ‘पाडणार ना नक्की?’ असं गिऱ्हाईक पैसे देण्याआधी विचारून घेतं. किनाऱ्यावर नातेवाईक मोबाइल धरून उभे असतात. पाच नारिंगी जॅकेटं पाण्यावर येतात, हशा पिकतो, मोबाइल खिशात जातात. बोट वळसा घालून त्या पाच जणांकडे निघते.

सगळ्यांचं लक्ष उलटण्याकडे असतं. खरा धोका त्यानंतरच्या मिनिटभरात असतो. पाण्यात पाच माणसं, सैल पडलेला दोर आणि त्यांच्या दिशेने येणारं चालू मशीन. बोटीत एकटाच माणूस असेल तर त्याने सुकाणू धरायचं, दोर गोळा करायचा, पाच डोकी मोजायची, घाबरलेल्याला धीर द्यायचा आणि मागून कोणाची जेट स्की येते आहे का तेही बघायचं. दुसरा माणूस असेल तर ही कामं वाटून घेता येतात. मोटरबोटीच्या आसपासच्या सुरक्षिततेवर जगभर जे काही लिहिलं गेलंय, जे कायदे झालेत, त्यातलं बरंचसं फिरून फिरून या दुसऱ्या माणसापाशी येतं. हा लेखही त्याच्याबद्दलच आहे.

पंखा

बुडण्याची भीती आपल्याला ठाऊक असते. विहिरीत, नदीत, समुद्रात माणूस बुडतो हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. म्हणून जॅकेट मागतो, ‘खोल किती आहे?’ विचारतो. बोटीच्या मागे पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्याची भीती मात्र सहसा कोणी घातलेली नसते. तो दिसत नाही. आवाज येतो तो मशीनचा, पंख्याचा नव्हे.

हिशेब साधा आहे. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३,२०० फेरे घेत असेल तर सेकंदाला साधारण ५३ फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात तीन पाती. म्हणजे एका सेकंदात १६० घाव. अमेरिकेचं तटरक्षक दल आपल्या माहितीपत्रकात हाच आकडा देतं आणि पुढे सांगतं की, असा पंखा सरासरी उंचीच्या माणसाच्या डोक्यापासून पायापर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात जाऊ शकतो. हात मागे घ्यायला, ओरडायला, दचकायलाही एवढा वेळ पुरत नाही. पोहण्यातलं कसब इथे कामाला येत नाही आणि जॅकेटही नाही. जॅकेट माणसाला नेमकं पंख्याच्या पातळीवर तरंगत ठेवतं.

म्हणून पहिला नियम असा की, पाण्यातला माणूस बोटीजवळ येतो तेव्हा मशीन बंद हवं. नुसतं न्यूट्रलला टाकून भागत नाही. न्यूट्रलमध्येही काही मशीनांचा पंखा हळूहळू फिरत राहतो, आणि चढणाऱ्या माणसाचा धक्का लागून किंवा घाईत कोणाचा हात पडून दांडा गिअरमध्ये जायला क्षणही लागत नाही. आपल्याकडे मशीन बंद करायला बोटवाले नाखूश असतात. पुन्हा चालू व्हायला त्रास देणारं जुनं मशीन, लाटेवर कलणारी बोट, रांगेत थांबलेलं गिऱ्हाईक, ही कारणं खरी आहेत. पण चालू मशीन आणि शिडीवर पाय ठेवणारा माणूस यांच्यात अंतर असतं ते हातभराचंच. शिडी मागच्या बाजूला असेल तर तेवढंही नसतं.

दुसरा नियम उलटा वाटतो. चालत्या बोटीतून माणूस पडला तर हात आपोआप सुकाणू त्याच्यापासून दूर वळवू पाहतो. तसं केलं की बोटीचं तोंड दूर जातं, पण ढुंगण त्याच्याकडे फिरतं, आणि पंखा तिथेच असतो. माणूस उजवीकडे पडला तर बोट उजवीकडेच वळवायची, म्हणजे मागचा भाग त्याच्यापासून लांब सरकतो. त्याच क्षणी गिअर काढायचा. त्याच्याकडे परत जायचं ते सावकाश आणि तोंड पुढे करून. रिव्हर्सने जायचं नाही, कारण रिव्हर्समध्ये पंखाच पुढे असतो.

डॉल्फिन बघायला निघालेल्या होड्यांतून नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, पाय बाहेर सोडून बसलेली तरुण मंडळी दिसतात. फोटो छान येतो. तिथून पडलेला माणूस बोटीच्या पुढ्यात पडतो. त्याच्यावरून अख्खी बोट जाते आणि शेवटी पंखा.

दिसत नाही, ऐकू येत नाही

पोहणाऱ्याला वाटतं, एवढा मोठा समुद्र, मी इथे आहे, बोटवाल्याला दिसणारच. बोटवाल्याच्या जागी उभं राहिलं की चित्र बदलतं. पोहणाऱ्याचं पाण्याबाहेर असतं ते फक्त डोकं, शेंड्या काढलेल्या नारळाएवढं, तेही लाटेआड जाणारं-येणारं. काळे केस, काळी टोपी आणि दुपारनंतर पश्चिमेकडून डोळ्यांवर येणारी पाण्याची चकाकी. पश्चिम किनाऱ्यावर राइडची गर्दी नेमकी याच वेळी सर्वाधिक असते.

त्यात बोटीची ठेवण. फायबरची बोट वेग धरते तेव्हा नाळ वर उचलली जाते आणि पुढचा काही अंतराचा पट्टा झाकला जातो. आपल्याकडच्या पुष्कळ होड्यांत तांडेल मागे उभा राहून सुकाणू धरतो आणि त्याच्या पुढे पंधरा-वीस पर्यटक उभे असतात, कारण कोणीतरी ‘तो बघा डॉल्फिन’ म्हणालेलं असतं. त्यांच्या खांद्यांच्या फटींतून त्याला जेवढा समुद्र दिसतो, तेवढ्यावर तो बोट हाकतो.

वेगाचा हिशेबही डोक्यात ठेवण्याजोगा आहे. ताशी ४५ किलोमीटरने जाणारी बोट सेकंदाला साडेबारा मीटर पाणी कापते. चालवणाऱ्याने मागच्या फुग्याकडे तीन सेकंद वळून पाहिलं तर तेवढ्यात बोट सदतीस-अडतीस मीटर पुढे गेलेली असते, आणि ते अंतर त्याने न बघता तोडलेलं असतं. बोटीला ब्रेक नसतात. मशीन बंद केलं तरी ती अंगच्या वेगाने सरकत राहते.

मग पोहणाऱ्याने आवाजावरून सावध व्हावं, असं कोणी म्हणेल. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने, सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो. डाव्या आणि उजव्या कानापर्यंत तो पोचण्यातला वेळेचा फरक इतका सूक्ष्म होतो की, आवाज कुठून येतोय हे मेंदूला ठरवता येत नाही. डोकं पाण्याखाली असताना मशीनची घरघर चहूबाजूंनी आल्यासारखी वाटते. घाबरून डोकं वर काढावं तर वारा आणि लाटा. बोट आहे हे कळतं, कुठे आहे ते कळत नाही.

जेट स्कीचं आणखी वेगळं. तिला बाहेर पंखा नसतो. ती पाणी आत ओढून मागे जोरात फेकते आणि त्या झोताच्या दिशेवरच वळते. त्यामुळे थ्रॉटल सोडलं की झोत जातो आणि झोताबरोबर वळणंही जातं. नवख्याला समोर माणूस दिसला की तो पहिली गोष्ट करतो ती थ्रॉटल सोडण्याची. मग हँडल कितीही फिरवलं तरी जुन्या बनावटीची जेट स्की नाकासमोर सरळ जाते. नव्या काही मॉडेलांत यावर उपाय केलेला असतो, पण किनाऱ्यावर भाड्याने फिरणारी नवीच असेल याची खात्री नसते. म्हणून राइडवाला मागे बसलेला असला तरी त्याचा हात हँडलवर आहे की फक्त तुमच्या खांद्यावर, ते बघून घ्यावं. याच झोताच्या मागे कोणी पडलं तर पाण्याचा मारा शरीरात शिरून आतड्यांना आणि गुप्तांगांना गंभीर इजा करू शकतो. म्हणूनच उत्पादक आपल्या पुस्तिकेत जाड कापडाची, अंगाला घट्ट बसणारी वेटसूटची विजार घालायला सांगतात. आपल्याकडे ओढणी, साडीचा पदर आणि मोकळे केस यांचंही भान ठेवावं लागतं. पाणी आत ओढणारं तोंड कापड आणि केसही ओढतं.

लाल दोरी

आउटबोर्ड मशीनजवळ किंवा सुकाणूच्या फळीवर एक लाल, पिळदार दोरी लोंबताना दिसते. तिचं एक टोक मशीनच्या बटणाला अडकवलेलं असतं. दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला, मांडीला किंवा जॅकेटला असायला हवं. चालवणारा जागेवरून उडाला की दोरी बटणातून निघते आणि मशीन बंद पडतं. याला किल स्विच म्हणतात. किमतीने ती बोटीवरच्या सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक असेल.

तिच्याशिवाय काय होतं, ते ब्रिटनमधल्या पॅडस्टो इथे ५ मे २०१३ रोजी दिसलं. कॅमल नदीच्या मुखाशी सहा जणांचं एक कुटुंब वेगवान बोटीतून फिरत होतं. एका झटक्याच्या वळणात सगळेच्या सगळे पाण्यात फेकले गेले. दोरी कोणाच्याच अंगाला नव्हती. रिकामी बोट पूर्ण वेगात गोल गोल फिरत पुन्हा पुन्हा त्यांच्याच अंगावर आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी जागीच गेले. बाकीचे जखमी झाले, काही जण कायमचे अधू. शेवटी जवळच्या वॉटर स्की शाळेच्या एका प्रशिक्षकाने दुसऱ्या बोटीतून त्या धावत्या बोटीवर उडी मारून ती थांबवली. बोट महागडी होती आणि दोरीही बोटीवरच होती.

रिकामी बोट सरळ निघून का जात नाही? एका दिशेने फिरणारा पंखा बोटीला किंचित एका बाजूला ढकलत असतो. सुकाणूवर हात असतो तोवर ते जाणवत नाही. हात सुटला की सुकाणू एका अंगाला कलतं आणि बोट वर्तुळात फिरू लागते. पाण्यात पडलेला माणूस नेमका त्या वर्तुळात असतो.

अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान बोट वेगात चालवताना ही दोरी किंवा तिच्यासारखं साधन अंगाला लावणं कायद्याने सक्तीचं झालं. आपल्याकडे बोटीवर चढताना ती नजरेने शोधायला कायद्याची वाट बघावी लागत नाही. ती बऱ्याचदा सुकाणूलाच गुंडाळून ठेवलेली सापडते, कारण सारखं उठबस करणाऱ्या, दोर ओढणाऱ्या एकट्या माणसाला ती अडचणीची होते. दोर ओढायला दुसरा कोणी असता तर पहिल्याला उठावंच लागलं नसतं.

मागे बघणारा

फुग्याच्या सगळ्या राइड ज्या खेळाच्या पोटी जन्मल्या तो वॉटर स्कीइंगचा खेळ. आपल्याकडे तो अजून विरळाच. त्याचा जन्म १९२२ मधला, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या पेपिन सरोवरावरचा. राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या मुलाला वाटलं की, बर्फावर घसरता येतं तर पाण्यावर का नाही? आधी त्याने पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही बुडाल्या. शेवटी आठ फूट लांब, नऊ इंच रुंद अशा पाइनच्या दोन फळ्या आणल्या, त्यांची टोकं आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून वाकवली, पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले आणि भावाला बोट हाकायला लावली. कित्येक दिवस तो फक्त पडत राहिला. २ जुलैला, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्याला युक्ती सापडली. मागे रेलायचं आणि स्कीची टोकं पाण्याबाहेर ठेवायची. आजही नवशिक्याला पहिल्या दिवशी हेच सांगतात.

त्याचा भाऊ बोट हाकत होता. या खेळाचे नियम पुढे जसजसे घडत गेले, तसतसं एक गोष्ट पक्की होत गेली की, हाकणाऱ्याने पुढे बघायचं आणि मागे बघायला आणखी कोणीतरी हवं. न्यूझीलंडमध्ये माणसाला ओढणाऱ्या बोटीत किमान दहा वर्षांचा निरीक्षक असावाच लागतो. कॅलिफोर्नियात किमान बारा वर्षांचा. त्या दहा वर्षांच्या पोराने बोट चालवायची नसते, पोहूनही जायचं नसतं. मागे बघायचं आणि दिसेल ते मोठ्याने सांगायचं, एवढंच. पडला. ठीक आहे. हात वर नाही. मागून बोट येतेय.

स्कीवरचा माणूस मशीनच्या आवाजात ओरडून काही सांगू शकत नाही, म्हणून खुणा ठरल्या आहेत. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, अंगठा खाली म्हणजे कमी कर. गळ्यावरून आडवा हात म्हणजे मशीन बंद. डोक्यावर थापटलं म्हणजे परत किनाऱ्याकडे. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडून धरले की ‘मी ठीक आहे’. ही खूण आली नाही तर काहीतरी बिघडलंय असंच धरून चालायचं. पडलेल्याने एक स्की पाण्याबाहेर उभी धरायची, म्हणजे दुसऱ्या बोटींना तो दिसतो. हे शेवटचं फार मोलाचं आहे. तुमच्यामागे शंभर मीटरवरून ताशी ४५ किलोमीटरने दुसरी बोट येत असेल, तर तुम्ही पडल्यापासून ती तुमच्यापर्यंत पोचायला आठ सेकंद लागतात. म्हणून कुणाच्याही मागोमाग बोट लावायची नाही, आणि माणूस ओढणाऱ्या बोटीच्या मागे तर कधीच नाही.

दोर साधारण २३ मीटरचा असतो. तो हाताला, पायाला किंवा बोटाला गुंडाळून धरणारे आपल्याकडेही दिसतात. पकड पक्की वाटते म्हणून. ताणलेल्या दोराच्या एका झटक्यात बोटं जातात. दोर सैल पडला की पंख्यात जातो, आणि पंख्यात गेलेला दोर दुसऱ्या टोकाला जे काही असेल त्याला ओढू लागतो. पडलेल्या माणसाकडे जाताना बोट अशी न्यायची की तो चालवणाऱ्याच्या बाजूला, त्याच्या नजरेसमोर राहील. माणूस हाताशी आला की मशीन बंद.

बोटीच्या मागच्या फळीला धरून लोंबकळत जाण्याची हौसही जुनीच आहे. तिथे पंख्याखेरीज आणखी एक शत्रू असतो. पेट्रोलच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन असतो आणि बोटीच्या मागे, पाण्यालगत साचतो. शुद्ध हरपते आणि माणूस आवाज न करता पाण्याखाली जातो. अशा मृत्यूंनंतर कॅलिफोर्नियाने २००४ मध्ये कायदा करून चालत्या बोटीच्या मागच्या फळीला लोंबकळण्यावर बंदी घातली. मशीन घरघरत असताना मागच्या फळीवर बसून पाय सोडण्याचा मोह या एका कारणासाठीही आवरावा.

सोबतीची होडी

मोटरबोट ही पोहणाऱ्याची वैरीण असते असंही नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा भरते तेव्हा राज्यभरातून आलेले पोहणारे ज्या भरवशावर समुद्रात उतरतात, त्यात स्पर्धेच्या रेषेवर उभ्या असलेल्या होड्यांचा मोठा वाटा असतो. मुंबईत संक रॉक ते गेटवे आणि धरमतर ते गेटवे हे लांब पल्ले पोहणाऱ्यांच्या पिढ्या सोबतीच्या होडीच्या आधारानेच घडल्या. पुण्याच्या रोहन मोरेने जगातल्या सात खडतर सामुद्रधुन्या पोहून २०१८ मध्ये ‘ओशन्स सेव्हन’ पुरं केलं. असा मान मिळवणारा तो पहिला आशियाई. यातल्या इंग्लिश खाडीत पोहणाऱ्याला वाटाड्या बोटीला हात लावायचीही मुभा नसते, पण ती बोट अखेरपर्यंत त्याच्या शेजारी असते, मोठ्या जहाजांच्या वाटेतून त्याला नेते. ती बोट सावकाश चालते, त्याच्या एका बाजूला राहते आणि तिच्यावरच्या कोणाची ना कोणाची नजर सतत पाण्यावर असते.

बाकीच्यांनी एकट्याने समुद्रात लांब पोहायचंच असेल तर कमरेला बांधायचा भडक नारिंगी फुगा हा सोपा उपाय आहे. तो पोहण्यात अडथळा आणत नाही, दमल्यावर धरता येतो आणि मुख्य म्हणजे दिसतो. टोपीही नारिंगी किंवा पोपटी. काळी आणि निळी नको. किनाऱ्याला समांतर पोहावं, होड्यांच्या येण्या-जाण्याच्या वाटेतून आडवं जाऊ नये आणि उजाडण्याआधी किंवा मावळल्यानंतर पाण्यात उतरू नये. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर दृष्टी संस्थेचे जीवरक्षक असतात. ते लाल-पिवळे झेंडे लावतात. पोहायचं ते त्या दोन झेंड्यांच्या मधे.

कागदावरची हद्द

पोहणाऱ्यांचं पाणी आणि बोटींचं पाणी वेगळं करणं हा यातला सर्वांत खात्रीचा उपाय. न्यूझीलंडमध्ये किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत आणि पाण्यातल्या माणसापासून ५० मीटरच्या आत पाच नॉटपेक्षा, म्हणजे ताशी नऊ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने बोट नेता येत नाही. पण हद्द पाळली गेली नाही तर काय होतं, तेही नोंदलेलं आहे. १८ डिसेंबर २००० रोजी मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाजवळ इंग्लिश गायिका कर्स्टी मॅकॉल आपल्या दोन मुलांबरोबर डायव्हिंग करत होती. ते पाणी डायव्हरांसाठी राखीव होतं. ते वर येत असताना एक वेगवान बोट त्या पाण्यात शिरली. एका मुलाला तिने बाजूला ढकललं. तो वाचला, ती गेली.

बरोबर चोवीस वर्षांनी, १८ डिसेंबर २०२४ रोजी, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू असताना ताबा सुटला होता. १५ जणांचा जीव गेला. त्याआधी २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी वीस पर्यटकांची होडी उलटली आणि दोघे गेले. हंगाम संपायला तेव्हा मोजके दिवस उरले होते आणि समुद्राला उधाणाचे वेध लागलेले होते.

अशा प्रत्येक घटनेनंतर चर्चा जॅकेटवर येऊन थांबते. जॅकेट हवंच. अमेरिकेत २०२३ मध्ये हौशी बोटींच्या अपघातांत ५६४ माणसं दगावली. त्यातल्या बुडालेल्यांपैकी ८७ टक्क्यांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. पण जॅकेटा-जॅकेटांतही फरक असतो. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला तरंगत राहायला मदत करतं. बेशुद्ध माणसाला उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवायचं असेल तर १०० किंवा १५० न्यूटनचं लागतं. घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून कोणाला तरी वर ओढायला सांगावं. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. तुटलेली बकलं सुतळीने बांधलेली असतील तर जॅकेट बदलून मागावं, संकोच करू नये.

कायदे आहेत. देशातल्या नद्या, धरणं आणि खाड्यांतल्या यांत्रिक बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा आला. किनाऱ्यावर परवाने देण्याचं काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या खात्याकडे आहे. महाराष्ट्राने साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आणलं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा आणि जलक्रीडा प्रशिक्षण केंद्र आहे, गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. जगभरच्या जहाजांना लागू असलेल्या १९७२ च्या सागरी नियमांत पाचवा नियम एका वाक्याचा आहे. त्याचा सारांश असा की, प्रत्येक जलयानाने सतत डोळ्यांनी आणि कानांनी नीट लक्ष ठेवलं पाहिजे. तेलवाहू जहाजाला लागू असलेला हा नियम फुगा ओढणाऱ्या बोटीलाही लागू पडतो.

जखम झालीच तर

पंख्याची जखम पाहून माणसं गोठतात. आधी मशीन बंद, मग माणूस बोटीच्या बाजूने वर. रक्त भळभळत असेल तर टॉवेल, शर्ट, हाताला येईल ते कापड जखमेवर पूर्ण जोर लावून दाबायचं आणि सोडून बघायचं नाही. हात किंवा पाय गंभीर कापला गेला असेल आणि दाबूनही रक्त थांबत नसेल, तर जखमेच्या वर, धडाच्या बाजूला, रुंद पट्टा करकचून बांधायचा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. किनाऱ्यावर पोचायच्या आतच १०८ ला फोन. समुद्रात अडकल्यास तटरक्षक दलाचा १५५४. सिंधुदुर्गातल्या गंभीर रुग्णाला पुष्कळदा गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात हलवावं लागतं. ते अंतर ध्यानात घेतलं की पहिल्या पाच मिनिटांतलं दाबून धरणं किती मोलाचं ते कळतं. जखम समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्यात झाली हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं, कारण त्यावर जंतुसंसर्गाची औषधं ठरतात.

मजुरीचा हिशेब

आता पुन्हा त्या दुसऱ्या माणसाकडे. तो बोटीत का नसतो? बोटवाला बेफिकीर असतो म्हणून, हे उत्तर सोपं आहे आणि बऱ्याच अंशी खोटं आहे. जलक्रीडेचा धंदा करणारी पुष्कळ कुटुंबं मूळची मासेमारीची. समुद्राचं भान त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. पण पावसाळ्याचे महिने धंदा बंद, मशीनचा हप्ता मात्र बारा महिने. गिऱ्हाईक आणून देणाऱ्याचं कमिशन वेगळं. शेजारच्या पॉइंटवर भाव कमी झाला की आपल्यालाही कमी करावा लागतो. पेट्रोल कमी करता येत नाही, हप्ता कमी करता येत नाही. कमी करता येते ती मजुरी, आणि तीही दुसऱ्या माणसाची, कारण पहिल्याशिवाय बोट चालत नाही.

आपण किनाऱ्यावर भाव पाडतो तेव्हा नकळत हेच करत असतो. पाच जणांचे मिळून थोडे पैसे सुटतात आणि फुगा उलटल्यावर तुमच्याकडे बघायला बोटीत कोणी नसतं.

म्हणून पैसे देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. चालवणाऱ्याखेरीज बोटीत मागे बघणारा कोण आहे? लाल दोरी कोणाच्या अंगाला आहे? आम्हाला पाण्यातून वर घेताना मशीन बंद करणार ना? आणि राइड कुठल्या पाण्यात, पोहणाऱ्यांपासून किती लांब? विचारताना पोलिसी सूर नको. गिऱ्हाईक हे विचारतं आहे एवढं कळलं तरी पुढच्या हंगामात पॉइंटवर फरक पडतो. ‘पाडणार ना?’ या प्रश्नाने पडला, तसाच.

उत्तरं पटली नाहीत तर दुसरा पॉइंट बघावा, किंवा वाळूत बसून सूर्यास्त बघावा. तोही तिथे चांगलाच दिसतो. आणि भाव करायचाच असेल तर फेरीच्या लांबीचा करावा. फेरी अर्धी झाली तरी चालेल, बोटीत माणसं मात्र दोन हवीत.